ठिपका थांबला, विमान नाही

भाऊ विमानात, आई नायगावच्या गच्चीवर आणि मी पुण्यात. तिघांच्या मध्ये मोबाइलच्या स्क्रीनवरचा एक पिवळा ठिपका. तो भर समुद्रावर थांबला आणि मला एका प्रश्नाच्या मागे लागावं लागलं : आकाशातलं विमान नेमकं कुठवर ‘दिसतं’?

रात्रीचा दीड वाजलेला. सकाळी नऊला क्लायंट कॉल. अशा वेळी फोन वाजला की दोनच शक्यता. एक तर प्रॉडक्शनचा सर्व्हर झोपलाय, नाहीतर गावाकडं कुणीतरी आजारी आहे. स्क्रीनवर नाव ‘आई’. पोटात गोळा.

“बाई, ऊठ. पप्याचं विमान थांबलंय.”

“थांबलंय म्हणजे?”

“थांबलंय म्हणजे थांबलंय. पाण्यावर. दहा मिनिटं झाली, पुढं सरकंना गेलंय.”

पप्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. हैदराबादला नोकरी, सिंगापूरची पहिली ऑनसाइट, आयुष्यातलं पहिलं परदेशी उड्डाण. आई नायगावला. नांदेड-देगलूर रस्त्यावरचं आमचं गाव, तालुक्याचं ठिकाण. आणि विमान ‘थांबलं’ हे तिला कळलं ते माझ्याच कृपेनं. १२ जून २०२५ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान कोसळलं, आतल्या २४२ जणांमधला एकच वाचला. तेव्हापासून आईनं विमान या शब्दाचाच धसका घेतला होता. म्हणून दिवाळीत तिच्या फोनवर विमानं दाखवणारं एक ॲप मीच टाकून दिलं. म्हटलं, लेकाचं विमान डोळ्यांसमोर सरकताना दिसलं की जीव थाऱ्यावर राहील. आयडिया सॉलिड होती. फक्त त्यात समुद्र धरला नव्हता.

“नेट स्लो असेल गं आई.”

“नेट चांगलंय. बाकीची विमानं चालायलीत की.”

बोलती बंद. आमच्या टेस्टिंग टीममध्ये असं डोकं असतं तर निम्मे रिलीज वेळेवर गेले असते. मी लॅपटॉप उघडला, तेच ॲप लावलं. खरंच. बंगालच्या उपसागरावर ठिपका गोठलेला. मी तिला “काही नसतं, झोप” म्हणाले आणि स्वतः टक्क जागी राहिले. पहाटे पावणेपाचला पप्याचा मेसेज : ‘पोचलो. इथे खूप घाम येतोय.’ दोन घरांत एकाच वेळी चहा झाला.

प्रकरण तिथं संपायला हवं होतं. पण आईनं सकाळी फोन करून तीन प्रश्न टाकले. एक : त्या वेळी विमान कुणालाच दिसत नव्हतं का? दोन : कंट्रोलवाल्यांना तरी दिसत होतं का? तीन : त्यांनाही दिसत नसेल, तर मग ते पगार कशाचा घेतात?

मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. तुम्हाला येतं? वर्षाला आठ-दहा वेळा विमानात बसतो आपण, खिडकीची सीट मिळावी म्हणून वेब चेक-इनला टपून बसतो आणि आपल्याला कोण बघतंय याचा पत्ता नाही. मग लंच टाइम, वीकेण्ड आणि एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये असलेल्या कॉलेजच्या एका सीनियरचं डोकं, असं सगळं मी त्यात घातलं.

ॲपचा ठिपका आणि कंट्रोलचा ठिपका

पहिला फंडा क्लिअर करून घेऊ. फोनमधलं ॲप म्हणजे रडार नव्हे.

आजची बहुतेक प्रवासी विमानं स्वतःची जागा स्वतःच ओरडून सांगत जातात. जीपीएसवरून मिळालेली जागा, उंची, वेग, सगळं १०९० मेगाहर्ट्झवर, सेकंदाला साधारण दोनदा. या यंत्रणेला एडीएस-बी म्हणतात. हे ओरडणं कुणीही ऐकू शकतं. जगभरातले हौशी लोक घराच्या गच्चीवर छोटी अँटेना लावून ते ऐकतात आणि इंटरनेटवरून ॲपवाल्यांना पाठवतात. आपल्याला दिसतो तो ठिपका असा गच्च्यांगच्च्यांवरून गोळा होऊन येतो. आता भर समुद्रात गच्ची कुणाची? ऐकणारं कुणी नाही, म्हणून ठिपका एक तर अंदाजानं पुढे ढकलला जातो, नाहीतर जागीच थांबतो. विमान मात्र ताशी ९००च्या वेगानं निघून गेलेलं असतं.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर : ॲपला दिसत नव्हतं. त्यावरून बाकीच्यांचं काहीच सिद्ध होत नाही.

कंट्रोलवाल्यांचं रडार ही वेगळी भानगड आहे आणि तीही दोन प्रकारची. प्रायमरी रडार म्हणजे विहिरीत ‘ओऽ’ केल्यासारखं. लहर सोडायची, विमानाच्या अंगावर आपटून परत आली की किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. विमानाची इच्छा असो वा नसो, ते सापडतं. पण ते कोणतं विमान आहे आणि किती उंचीवर आहे, हे त्या ठिपक्यावरून कळत नाही. सेकंडरी रडार मात्र शाळेतल्या हजेरीसारखं. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर हाक जाते, विमानातला ट्रान्सपॉन्डर १०९०वर ‘हजर’ म्हणतो आणि आपला चार आकडी क्रमांक आणि उंची सांगतो. या क्रमांकात ८ आणि ९ नसतात, त्यामुळे एकूण ४,०९६ क्रमांक होतात. ट्रान्सपॉन्डर बंद पडला की हजेरीही बंद.

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर १२ नोव्हेंबर १९९६ची संध्याकाळ आठवा. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं जम्बो १४,००० फुटांवर. समोरून दिल्लीला उतरायला येणारं कझाकस्तानचं विमान, त्याला सांगितलेली उंची १५,००० फूट. कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं आणि हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन्ही एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. त्या दिवशी दिल्लीच्या कंट्रोलरसमोर दोन्ही विमानांचे ठिपके होते. पण रडार प्रायमरी होतं. ठिपका दिसत होता, ठिपक्याची उंची दिसत नव्हती. त्यानंतर सेकंडरी रडारं आली आणि विमानांमध्ये टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. ‘दिसतं’ या एका शब्दाच्या पोटात किती काय असतं, ते मला इथं पहिल्यांदा कळलं.

माळवदावरची रेंज

आता मुख्य प्रश्न. हे रडार बघतं तरी किती लांब?

मी सीनियरला हाच प्रश्न विचारला आणि किलोमीटरमध्ये एक आकडा मागितला. तो हसला. म्हणाला, “अगं, आधी उंची सांग. मग अंतर सांगतो.”

मी चक्रावले. मग मला आमच्या जुन्या घराचं माळवद आठवलं. गावात मोबाइल नवे होते तेव्हाची गोष्ट. घरात रेंज नसायची. अंगणात एक काडी. माळवदावर चढलं की तीन काड्या. टॉवर तोच, फोन तोच, आम्ही फक्त वर जायचो. शेतात टेकाडाच्या पलीकडं गेलं की ठार बंद. रडारचंही तेच. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, थोड्याशाच वाकतात. पृथ्वी मात्र गोल. जितकं लांब जाल तितकी जमीन खाली वळत जाते आणि लहर डोक्यावरून निघून जाते. तेवढ्या लांबवर दिसायचं असेल तर विमानाला उंच असावंच लागतं.

त्यामुळे नकाशावर रडारभोवती काढलेलं वर्तुळ फसवं असतं. खरा आकार वाडग्यासारखा. तळाशी अरुंद, वर पसरट. यंत्राची ताकद हाही मुद्दा आहेच. मोठ्या सेकंडरी रडारची झेप साधारण २५० नॉटिकल मैल, म्हणजे ४६० किलोमीटरच्या आसपास असते. पण बहुतेक वेळा त्याच्या आधी पृथ्वीची गोलाईच आडवी येते.

याचं गणित दहावीचं आहे. विमानाची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१२ने गुणा. आलेला आकडा म्हणजे क्षितिजापर्यंतचे किलोमीटर. ३५,००० फुटांवरचं विमान सुमारे ४२५ किलोमीटरवरून दिसतं. १०,००० फुटांवरचं २२५. आणि हजार फुटांवरचं फक्त ७२. रडारची अँटेना उंचावर असेल तर थोडी भर पडते. २५ मीटर उंचीला आणखी २० किलोमीटर.

मग मी आमच्या गच्चीवरचं आकाश मोजायला घेतलं. सरळ हवाई रेषेत नायगावपासून हैदराबाद सुमारे २०० किलोमीटर, नागपूर ३००, मुंबई ४९०. या तिन्ही ठिकाणी कंट्रोलची रडारं आहेत. जमीन सपाट धरली आणि अँटेना २५ मीटरवर, तर उत्तरं अशी आली. हैदराबादच्या रडारला नायगाववरचं विमान दिसायला ते सव्वासहा हजार फुटांच्या वर हवं. नागपूरला दिसायला पंधरा हजारांच्या वर. आणि मुंबईला दिसायला बेचाळीस हजारांच्याही वर. एवढ्या उंचीवर नेहमीची प्रवासी विमानं जात नाहीत. वर सह्याद्री मध्ये आहे तो वेगळाच.

म्हणजे बघा, लहानपणी उन्हाळ्यात गच्चीवर झोपून आम्ही जे लुकलुकते दिवे मोजायचो, ते मुंबईहून आलेले असोत की मुंबईला निघालेले, आमच्या डोक्यावर असताना मुंबईच्या रडारला दिसतच नव्हते. बघणारे डोळे दुसऱ्याच दिशांना होते. आता अनेक रडारांची माहिती एकत्र करून एकाच पडद्यावर आणतात, शिवाय भारतीय विमानतळ प्राधिकरणानं ठिकठिकाणी एडीएस-बी ऐकणारी केंद्रंही बसवली आहेत. डोळा एका गावात आणि पडदा दुसऱ्या गावात असू शकतो. उंचावरच्या विमानासाठी आपल्याकडच्या जमिनीवर बऱ्यापैकी एकमेकांत गुंतलेली जाळी आहे. पण हे झालं उंचावरच्यांचं.

खालच्यांचं काय?

गणित करताना मी सहज नांदेडचा आकडा काढला. हैदराबादपासून सुमारे २४५ किलोमीटर. म्हणजे नांदेडच्या आकाशात पावणेदहा हजार फुटांच्या खाली आलेलं विमान हैदराबादच्या रडारच्या दृष्टीनं क्षितिजाआड. नागपूरच्या दृष्टीनं तर तेरा हजारांच्या खालीच गायब. नांदेडला स्वतःचं रडार नाही.

आणि मग ट्यूब पेटली. आईनं आयुष्यात एकदाच विमानप्रवास केलाय, तो नांदेड ते हैदराबाद! २७ एप्रिल २०१७ला ‘उडान’ योजनेतली जी पहिली विमानं सुटली, त्यात हा मार्ग होता. पुढच्या वर्षी मी हौसेनं तिचं तिकीट काढलं होतं. छोटं, पंख्यांचं विमान. आई खिडकीतून गोदावरी शोधत होती. उड्डाणानंतरची पहिली काही मिनिटं, दहा हजार फुटांपर्यंत चढेस्तोवर, ती हैदराबादच्या रडारच्या नजरेखाली होती. ‘नजरेखाली’चा इथला अर्थ : नजर वरून जात होती.

मी तिला हे सांगितलं. फोनवर क्षणभर शांतता.

“म्हणजे मी बी दिसत नव्हते की.”

“रडारच्या हिशोबानं, नाही.”

“मग मला कसं सांभाळलं त्यांनी?”

हा तिचा चौथा प्रश्न आणि सगळ्यात चांगला.

उत्तर आहे बोलून. याला प्रोसीजरल कंट्रोल म्हणतात आणि ते रडारच्याही आधीचं आहे. पायलट रेडिओवर सांगतो : मी अमुक ठिकाणी, अमुक उंचीवर, पुढच्या ठिकाणी अमुक वाजता पोचेन. कंट्रोलर ते एका अरुंद पट्टीवर लिहितो. प्रत्येक विमानाची एक पट्टी. दोन पट्ट्यांमध्ये वेळेचं आणि उंचीचं पुरेसं अंतर ठेवायचं, बस्स. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, पिशव्यांची अदलाबदल करायची आणि परत फिरायची. ती काय रडारवर बघून आणली जात होती? घड्याळ, रेडिओ आणि दिलेला शब्द, एवढ्यावरच.

याची किंमत मात्र मोजावी लागते. रडारखाली दोन विमानं एकाच उंचीवर नऊ-दहा किलोमीटरच्या अंतरानंही सुरक्षित नेता येतात. रडार नसेल तर जुना ठोकताळा दहा मिनिटांचा. जेटच्या वेगानं ते होतात १५० किलोमीटर. म्हणजे त्याच आकाशात कमी विमानं, हवी ती उंची मिळायला उशीर आणि छोट्या विमानतळावर ‘आधी ते उतरू दे, मग तुम्ही’. आपण केबिनमध्ये बसून एअरलाइनला शिव्या घालतो, तेव्हा कधीकधी कारण हे असतं.

आणि कधीकधी किंमत वेळेत मोजावी लागते. २ सप्टेंबर २००९ला सकाळी आंध्रचे तेव्हाचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर हैदराबादच्या बेगमपेटहून चित्तूरकडे निघालं. नल्लमलाच्या जंगलावर, खराब हवेत, संपर्क तुटला. हेलिकॉप्टर खालून उडतं, मध्ये डोंगर. राज्याचा मुख्यमंत्री, पण नेमका कुठे आहे हे सांगेल असा ठिपका नाही. हवाई दल, उपग्रहांची छायाचित्रं, जंगलातले पोलीस आणि गावकरी, सगळे शोधत होते. अवशेष सापडले दुसऱ्या दिवशी. आतले पाचही जण गेले होते. आमचं गाव तेव्हाच्या आंध्रच्या सीमेजवळ. ती अख्खी रात्र आमच्याकडं टीव्ही चालू होता आणि आबा एकच वाक्य म्हणत होते, “एवढा मोठा माणूस हरवतो कसा?” तो अपघात कशानं झाला, हा वेगळा विषय. पण ‘हरवतो कसा’ याचं उत्तर मला आता कळतंय. खालून उडणाऱ्याला रेंज नसते, मग तो कुणीही असो.

समुद्रावरची हजेरी

परत पप्याकडं येऊ. त्याचं विमान किनारा ओलांडून बंगालच्या उपसागरावर गेलं. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर अंतर आहे सुमारे १,३७० किलोमीटर. चेन्नईच्या रडारनं ३५,००० फुटांवरचं विमान फार तर साडेचारशे किलोमीटरपर्यंत बघितलं. अंदमानच्या बाजूनंही तेवढंच कुणी बघत आहे असं धरलं, तरी मध्ये चार-पाचशे किलोमीटरचा पट्टा उरतोच. वेगाच्या हिशोबानं अर्धा तास. जमिनीवरच्या कुठल्याही रडारचा तिथं उपयोग नाही. साधा रेडिओही नाही, कारण त्याच्या लहरींनाही क्षितिज आडवं येतं.

तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : हो आई, त्या अर्ध्या तासात जमिनीवरच्या रडारला विमान दिसत नव्हतं.

पण समुद्रावर बोलायचे दुसरे रस्ते आहेत. एक जुना : एचएफ रेडिओ. त्याच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत खाली येतात, म्हणून हजारो किलोमीटर जातात. खरखर भयंकर. दुसरा नवा : उपग्रहामार्फत एसएमएससारखे संदेश. विमान ठरावीक वेळानं आपली जागा आपणहून कळवतं, कंट्रोलर टाइप करून उत्तर देतो. अशा विमानांमधलं अंतर ५० नॉटिकल मैलांपर्यंत, म्हणजे ९३ किलोमीटरपर्यंत खाली आणता येतं. आणि तिसरा सगळ्यात ताजा : एडीएस-बीचं ते ओरडणं थेट उपग्रहांनीच ऐकायचं. २०१९पासून ६६ उपग्रहांची एक साखळी हे काम करते. गच्ची नाही तर नाही, वर आकाशातच कान लावले. आपल्या विमानतळ प्राधिकरणानंही मुंबई, चेन्नई आणि कोलकात्याच्या समुद्री भागांसाठी या सेवेचा करार केला आहे.

याची निकड एवढी का वाटू लागली? एका विमानामुळे. ८ मार्च २०१४च्या मध्यरात्रीनंतर क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं एमएच ३७०. आत २३९ माणसं, त्यात पाच भारतीय. मलेशियाच्या कंट्रोलची हद्द संपत होती, व्हिएतनामची सुरू व्हायची होती, नेमकं तिथं त्याचं ‘हजर’ म्हणणं बंद झालं. सेकंडरी रडारच्या पडद्यावरून नाव गेलं. लष्कराच्या प्रायमरी रडारवर मात्र ते मागे वळून मलाक्काच्या सामुद्रधुनीपर्यंत गेलेलं उमटत होतं. दिसत होतं, पण ‘हे तेच’ असं त्या वेळी कुणी म्हणालं नाही. विमान आलं का नाही, ही व्हिएतनामकडून पहिली विचारणा व्हायला पंधरा मिनिटांहून जास्त वेळ गेला. शोध-बचाव केंद्र कामाला लागलं तेव्हा पहाटेचे साडेपाच झाले होते. त्यानंतर नियम आला. नोव्हेंबर २०१८पासून मोठ्या प्रवासी विमानांची जागा समुद्रावर असतानाही दर १५ मिनिटांनी कंपनीला कळत राहिली पाहिजे.

मला या गोष्टीत रडारपेक्षा ती पंधरा मिनिटं जास्त टोचली. यंत्राची नजर संपते तिथं कुणीतरी घड्याळाकडं बघत असावं लागतं. तेच चुकलं होतं.

अर्धा तास

आता तिसरा प्रश्न, पगाराचा.

दिसत नसताना कंट्रोलर काय करतो? वाट बघतो. मी थट्टा करत नाहीये, हे त्याचं काम आहे आणि त्याला नियम आहेत. प्रत्येक विमानाकडून पुढचा निरोप कधी यायला हवा, ती वेळ त्याच्यापाशी लिहिलेली असते. ती टळली की तो हाक मारायला लागतो. ठरल्या वेळेनंतर ३० मिनिटांत काहीच आलं नाही, तर ‘अनिश्चितता’ हा पहिला टप्पा अधिकृतपणे जाहीर होतो. मग चौकश्या, शेजारच्या केंद्रांना फोन, दुसऱ्या विमानांमार्फत हाका. तरीही काही नाही, तर ‘सावधान’. आणि शेवटचा टप्पा ‘संकट’, म्हणजे शोधपथकं निघाली. तिन्ही टप्प्यांना जगभर एकच सांकेतिक नावं आहेत, म्हणजे भाषेचा घोळ नको.

हे मी आईला समजावून सांगत होते, तर ती मधेच म्हणाली, “हे तर मी रोजच करते की.”

खरंच. मी पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघाले की तिचं हेच चालतं. सोलापूरला पोचले की फोन करायचा, ही ठरलेली वेळ. वेळ टळली की तिचा पहिला मिस्ड कॉल. अर्ध्या तासानं पप्याला फोन, “ताईचा लागंना गेलाय, तू बघ.” एका तासानं नांदेडच्या मामाला. तिला मी कधीच ‘दिसत’ नसते. तिच्याकडं रडार नाही, ॲपही आता आलं. इतकी वर्षं तिनं मला फक्त ठरलेल्या वेळेवर सांभाळलंय. आणि मी काय करते? “आई, किती टेन्शन घेतेस यार” म्हणून वैतागते आणि फोन सायलेंटवर टाकते.

कंट्रोलच्या भाषेत बोलायचं तर मी निरोप न देणारं विमान आहे.

महिन्याभरानं पप्या परत निघाला. या वेळी आईनं रात्र जागून काढायची असं आम्ही आधीच ठरवलं होतं. शेजारच्या काकूही गच्चीवर आलेल्या. मी पुण्यातून फोनवर. ठिपका अंदमान ओलांडून आला, थोडा चालला आणि थांबला.

“अगं बाई, थांबलं की!” काकूंचा आवाज.

मग आईचा, अगदी रोज विमानं उतरवणाऱ्या बाईसारखा : “काही झालं नाही. समुद्रावर रेंज नसते. अर्ध्या तासानं चेन्नईवाले धरतील त्याला. तोवर चहा घ्या.”

मी घड्याळ लावलं. पस्तीस मिनिटं लागली. ठिपका एकदम उडी मारून किनाऱ्याजवळ उगवला आणि चालू लागला.

मीही हल्ली सोलापूरला पोचले की फोन करते.

तुमच्या गावावर कुणाची नजर? वीकेण्डला करून बघा

● नकाशावर तुमच्या गावापासून जवळच्या मोठ्या विमानतळाचं सरळ रेषेतलं अंतर काढा. रस्त्याचं नको, हवाई हवं.

● त्यातून २० किलोमीटर वजा करा. हा अँटेनाच्या उंचीचा हिशोब.

● उरलेल्या आकड्याला ४.१२ने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. झाले मीटर. फूट हवे असतील तर ३.२८ने गुणा. तुमच्या आकाशात याच्या खाली उडणारं विमान त्या रडारला दिसत नाही.

● हे गणित सपाट जमिनीचं. मध्ये सह्याद्री किंवा बालाघाट असेल तर आकडा वाढतो.

● रडार कुठे आहे, हे गुपित नाही. विमानतळ प्राधिकरण वैमानिकांसाठी जी माहिती-पुस्तिका प्रसिद्ध करतं, ती इंटरनेटवर फुकट वाचता येते. त्यातला ‘ईएनआर १.६’ हा भाग बघा.

● ॲपवरचा ठिपका थांबला तर आधी नकाशा बघा. खाली पाणी, वाळवंट किंवा दाट डोंगर असतील, तर बहुधा ऐकणारी गच्चीच तिथं नसते.